शेजारचा हवालदार ३९ व्या वर्षी पेन्शनीत, मग त्याचं बिल आम्ही का भरायचं?

गेल्या अंकात पोस्टाच्या बचत योजनांवर लिहिताना सहज एक वाक्य टाकलं होतं, की आमच्याकडे खात्रीचं पेन्शन आता मिलिटरीवाल्यांनाच उरलंय. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की पोस्ट राहिलं बाजूला. काही चिडलेली आहेत, काही काळजीची. चार निवडून घेतलीत.

प्रश्न : ताई, म्हापशात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. आमच्या शेजारचा एकजण मिलिटरीतून हवालदार होऊन ३९ व्या वर्षी घरी आला. आता त्याला पेन्शन चालू, वर वेर्ण्याला एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझरचा पगार चालू, शिवाय दवाखाना आणि कॅन्टीन आहेच. माझा मोठा भाऊ खाजगी कंपनीत ३१ वर्षं राबला, त्याला महिन्याला साडेतीन हजारांच्या आत पेन्शन येतं. मी जीएसटी भरतो, इन्कम टॅक्स भरतो. फौजींबद्दल आदर आहे, पण एवढा खर्च वसूल होतो का ते कोणी सरळ सांगत नाही. तुम्ही सांगा, देशभक्तीचं भाषण नको.
— एक व्यापारी, म्हापसा

उत्तर : भाषण नाही देत. आधी आकडे बघू, कारण या विषयावर लोक आवाज चढवतात पण आकडे कोणी काढत नाही.

२०२५-२६ च्या केंद्राच्या बजेटमध्ये संरक्षणाला ६,८१,२१० कोटी रुपये ठेवले होते आणि त्यातले १,६०,७९५ कोटी नुसते पेन्शनचे. म्हणजे संरक्षणाच्या शंभर रुपयांतले साडेतेवीस. विमानं, जहाजं, तोफा वगैरे नव्या खरेदीसाठी जो भांडवली खर्च धरला तो १,८०,००० कोटी, म्हणजे पेन्शनपेक्षा फार पुढे नाहीच. हे वाचून तुम्हाला धक्का बसला तर तो बरोबर आहे, संरक्षण खात्यातल्या लोकांनाही बसतो. केंद्राच्या एकूण खर्चात बघितलं तर मात्र शंभरातले साधारण तीन रुपये होतात. दोन्ही आकडे खरे आहेत, ज्याला जे सिद्ध करायचं असतं तो तेवढाच सांगतो.

आता लोक काय करतात, तर त्या रकमेला पेन्शनरांच्या संख्येने भागतात. ३४ लाखांच्या वर पेन्शनर, म्हणजे माणशी महिन्याला जवळजवळ ३९ हजार, बघा कसे मजेत आहेत! पण त्या रकमेत ग्रॅच्युइटी आहे, कम्युटेशनचे, म्हणजे पेन्शनचा काही भाग सोडून त्याऐवजी आधीच घेतलेले एकरकमी पैसे आहेत, मोठ्या अधिकाऱ्यांचं पेन्शन आहे, आणि ज्यांनी कधी वर्दी घातलीच नाही असे ऑर्डनन्स फॅक्टरी (दारूगोळ्याचे कारखाने), एमईएस (लष्कराचं बांधकाम खातं) वगैरेतले सिव्हिल कर्मचारी पण त्यातच आहेत. शिपायाला खरं काय मिळतं बघायचं तर २०२२ च्या डिसेंबरात सरकारने वन रँक वन पेन्शनची (हुद्दा आणि नोकरीची वर्षं सारखी तर पेन्शन सारखं, मग माणूस कधीही रिटायर झालेला असो) सुधारणा जाहीर केली तेव्हाचा तक्ता बघा, शिपायाचं मूळ पेन्शन १७,६९९ वरून १९,७२६ झालं आणि लेफ्टनंट कर्नलचं ९५,४०० वर गेलं. त्यावर महागाईचं वेगळं. म्हणजे तुमच्या शेजाऱ्याचं पेन्शन त्या सरासरीच्या खालीच येणार.

पण तुमचा खरा प्रश्न आहे ३९ वय. साठ वर्षांचा माणूस पेन्शन घेतो ते कोणाला खुपत नाही, धडधाकट माणूस सकाळी बाइकवरून नोकरीला जाताना दिसतो आणि त्याला पेन्शन पण आहे, ते खुपतं. मी बँकेत पेन्शनच्या टेबलावर बरीच वर्षं काढलीत, वास्कोला, त्यामुळे नेव्हीवाले आणि आर्मीवाले दोन्ही भरपूर बघितले. नवा पेन्शनर ओळखू यायचा. केस अजून बारीक कापलेले, कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नंबर लावून ठेवलेले, पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या हुकुमाची) झेरॉक्स तीन-तीन, आणि बरोबर चौथी-पाचवीतलं पोर. बाकीच्या खात्यांत माणूस रिटायर होतो तेव्हा पोरं कमावती असतात, याच्या पोराची अजून दहावी लांब. एका पेडण्याच्या हवालदाराने कम्युटेशनचे पैसे हातात आल्यावर पहिला प्रश्न विचारला तो हा, की मॅडम, घर बांधू की पोरीच्या शिक्षणाला ठेवू, दोन्ही होणार नाही ना? नाहीच होणार होतं. नंतर तो पण एका गेटवर बारा-बारा तासांची ड्युटी करायला लागला. हौस म्हणून कोणी गेटवर उभं राहत नाही हो.

शिपायाला पेन्शन बसायला १५ वर्षं नोकरी लागते, अधिकाऱ्याला २०, आणि जवानांतले बहुतेक पस्तिशी-चाळिशीतच बाहेर पडतात. बाहेर पडतात म्हणजे स्वतः सोडून जात नाहीत, नियमच तसा, बढती मिळाली नाही तर त्या हुद्द्याची वर्षं संपली की घरी. कारण लडाखमध्ये नाहीतर सियाचीनवर पन्नाशीतला शिपाई चालत नाही. मग सरकारपुढे रस्ते किती? एक, त्याला ५८ पर्यंत ठेवा आणि पूर्ण पगार द्या. हवालदाराचा पगार, भत्ते, क्वार्टर, रेशन सगळं धरा आणि त्याच्या पेन्शनशी ताडून बघा, पेन्शन मूळ पगाराच्या निम्मं असतं आणि भत्ते तर जातातच, म्हणजे म्हातारं सैन्य जास्त महाग पडतं आणि कामालाही कमी येतं. दोन, तरुणपणीच इतका पगार द्या की तो स्वतः साठवेल, तर आजचं पगाराचं बिल फुगतं. तीन, पेन्शन न देता घरी पाठवा, त्या रस्त्याकडे खाली डिचोलीच्या पत्रात येतेच. म्हणून माझं मत विचाराल तर जवानांचं पेन्शन वसूल होतं. तरुण सैन्य ठेवायचं तर त्याची किंमत कुठेतरी मोजायलाच लागते आणि ती नंतर मोजायची असं आपण ठरवलं.

आता जिथे वसूल होत नाही ते पण सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बँकवाली बाई फौजींच्या बाजूची.

पैसे वाया जातात ते ३८ ते ५८ या वीस वर्षांत. सरकार एका माणसाला शिस्त, शस्त्र, वायरलेस, गाडी, प्रथमोपचार असं सगळं शिकवतं आणि मग तो मॉलच्या दारात पिशव्या तपासतो. कारगिलनंतर जी आढावा समिती बसली तिने २००० सालीच सुचवलं होतं की सैन्यातली नोकरी सात ते दहा वर्षांची करा आणि मग या लोकांना निमलष्करी दलांत घ्या. सहाव्या वेतन आयोगाने २००८ मध्ये पुन्हा तेच सांगितलं. तसं झालं असतं तर सैन्य तरुण राहिलं असतं, बीएसएफ-सीआरपीएफला तयार माणूस मिळाला असता आणि पेन्शन वीस वर्षं उशिरा सुरू झालं असतं. झालं नाही, कारण ती दलं गृहखात्याची आणि सैन्य संरक्षण खात्याचं, आणि आपली भरती दुसऱ्याच्या हातात कोण देतो. माजी सैनिकांसाठी केंद्राच्या नोकऱ्यांत ग्रुप सी मध्ये १० टक्के आणि ग्रुप डी मध्ये २० टक्के, सरकारी बँकांत त्याहून जास्त असा कोटा कागदावर आहे, प्रत्यक्ष भरती त्याच्या आसपासही जात नाही.

दुसरं, वन रँक वन पेन्शन. आदेश ७ नोव्हेंबर २०१५ चा, लागू १ जुलै २०१४ पासून, आणि दर पाच वर्षांनी पुन्हा हिशोब. जुन्या पेन्शनरांवर अन्याय होत होता हे खरंच होतं, १९९० ला सुटलेला सुभेदार आणि कालचा सुभेदार यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडायचा. पण त्यामुळे बिल आता पायऱ्या-पायऱ्यांनी चढतं, २०२२ च्या एका सुधारणेनेच वर्षाला ८,४५० कोटींची भर पडली. आणि तिसरं, अपंगत्वाचं पेन्शन. हे घेणाऱ्यांचं प्रमाण अधिकाऱ्यांमध्ये जवानांपेक्षा बरंच जास्त आहे हे सरकारी हिशोब तपासणाऱ्या कॅगनेही दाखवून दिलंय. डोंगरावर उभा कोण असतो आणि टेबलाशी कोण, एवढा विचार केला तरी हे उलटं वाटतं ना? कात्री लावायची तर माझ्या मते तिथून सुरू करावी, शिपायाच्या एकोणीस हजारापासून नाही.

भावाचं राहिलं. फौजीच्या पगारातून पेन्शनसाठी काही कापत नाहीत, हा तुमचा मुद्दा असेल तर तो खरा आहे. पण भावाचं पेन्शन कमी येतं ते फौजीमुळे नाही. ईपीएसमध्ये, म्हणजे खाजगी नोकरदारांच्या पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेत, पगार कितीही असो, हिशोब १५,००० वरच होतो आणि २०१४ च्या आधीच्या वर्षांचा तर ६,५०० वर, त्यामुळे पूर्ण ३५ वर्षं भरली तरी साडेसात हजारांच्या आसपासच गाडी थांबते. किमान पेन्शन १,००० रुपये ठरलं ते पण २०१४ ला आणि अजून तिथेच आहे. आमच्या गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षेचे महिन्याला २,००० मिळतात, म्हणजे बघा, पीएफ भरलेल्या माणसाला त्याच्याहून कमी मिळू शकतं. भांडायचं तर यावर भांडा, मी पण येते सही करायला.

प्रश्न : मिलिटरी कॅन्टीनमध्ये दारू आणि फ्रिज-टीव्ही स्वस्त मिळतात, त्याचा भुर्दंड पण आपल्यालाच ना?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : थोडासा, हो, कारण टॅक्स कमी लागतो तो कोणाच्या तरी खिशातून जातोच. पण महिन्याचा कोटा ठरलेला असतो, मोठ्या वस्तूंना वेगळी मर्यादा असते, आणि पेन्शनच्या रकमेपुढे हा प्रकार किरकोळ. गोव्यात तर दारू एरवीच स्वस्त, इथल्या फौजीला त्यात फायदा तो कितीसा, सावंतवाडीचा पाहुणा आला की त्यालाच जास्त आनंद होतो. पुढचं पत्र महत्त्वाचं आहे.

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही डिचोलीचे. मिस्टरांचा मायनिंगचा ट्रक होता, २०१८ ला खाणी बंद झाल्या तेव्हा तो विकला, आता ते एका हॉटेलची गाडी चालवतात. मुलगा १९ चा, बारावी झाला, रोज पहाटे धावायला जातो, अग्निवीरचा फॉर्म भरायचा म्हणतो. त्याचे मामा आर्मीतून पेन्शनीत आलेत, ते म्हणतात आता काही अर्थ नाही, पेन्शनच नाही तर कशाला जीव धोक्यात घालायचा. इथे सरकारी नोकरीला ओळख लागते ती आमची नाही. काय करू? पाठवू का?
— एक आई, डिचोली

उत्तर : वहिनी, मामा बरोबर पण आहेत आणि चूक पण. त्यांनी जी नोकरी केली ती नोकरी आता या दाराने मिळत नाही, त्यामुळे तिच्याशी तुलना करून उपयोग नाही. मुलाच्या समोर आज बाकी काय आहे त्याच्याशी करा.

अग्निवीर भरतीची ही अग्निपथ योजना १४ जून २०२२ ला जाहीर झाली. चार वर्षं. पहिल्या वर्षी महिन्याला ३०,०००, चौथ्या वर्षी ४०,०००, पण त्यातले ३० टक्के कापून सेवा निधीत जातात, म्हणजे पहिल्या वर्षी हातात २१,००० येतात. जेवढे त्याचे कापतात तेवढेच सरकार घालतं, आणि चार वर्षांनी व्याजासकट साधारण ११.७१ लाख मिळतात, त्यावर टॅक्स नाही. लोक हे ११ लाख ऐकून हुरळतात. त्यातले पाच लाखांच्या वर मुलाच्याच पगारातले आहेत हे लक्षात ठेवा. आणि ती रक्कम तशीच सात टक्क्यांनी ठेवली तर महिन्याला साधारण पावणेसात-सात हजार सुटतात. मामांच्या पेन्शनीशी तुलना केलीत तर रडू येईल, कारण ते मरेपर्यंत आहे, महागाईप्रमाणे वाढतं आणि मामांच्या मागे मामींना पण मिळतं.

चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना पुढे ठेवतात, चारातला एक. बाकीच्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, ईसीएचएसचा (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा) दवाखाना नाही, कॅन्टीन नाही. केंद्राच्या निमलष्करी दलांत त्यांच्यासाठी २०२२ लाच १० टक्के जागा जाहीर झाल्या होत्या, आणि नेव्हीची पहिली तुकडी ओडिशातल्या चिल्काहून २०२३ च्या मार्चमध्ये ट्रेनिंग संपवून बाहेर पडली, आणि ट्रेनिंगचे महिनेही चार वर्षांत धरतात, म्हणजे पहिल्या मुलांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून भरायला लागतात. ती मुलं बाहेर कुठे लागतात ते बघा, कोणत्याही जाहिरातीपेक्षा त्यावरून जास्त कळेल.

म्हापशाच्या व्यापाऱ्यांना मी वर तिसरा रस्ता म्हटला तो हाच. सरकारचा पेन्शनचा खर्च याने वाचणार आहे, पण लगेच नाही बरं का, जुन्या भरतीची मुलं अजून वीसेक वर्षं पेन्शनीत येतच राहणार आणि ती पुढे चाळीस वर्षं जगणार, देव करो. वाचलेला पैसा बजेटमध्ये दिसायला २०४० उजाडेल. जोखीम मात्र आजच तुमच्या घरात आली. आधी माणूस चाळिशीत बाहेर पडला तर त्याचं पुढचं सरकार बघायचं, आता २३ व्या वर्षी बाहेर पडला तर आई-बाप बघणार, एवढाच फरक, पण तो केवढा मोठा आहे.

जीव धोक्यात म्हणालात, ते पण स्पष्ट सांगते, वाईट वाटलं तरी. सेवेत असताना अग्निवीराचा ४८ लाखांचा विमा असतो, त्याचा हप्ता त्याला भरायला लागत नाही. ड्युटीमुळे मृत्यू झाला तर वर ४४ लाख, उरलेल्या महिन्यांचा पगार आणि सेवा निधी. रक्कम एकदम मोठी दिसते. पण नेहमीच्या भरतीतला जवान लढाईत गेला तर त्याच्या बायकोला शेवटच्या पगाराएवढं पेन्शन जन्मभर मिळतं, ते इथे नाही. मला स्वतःला या योजनेत सगळ्यात जास्त हेच खटकतं. धोका दोघांना सारखाच, बंकर पण एकच, मग मागे राहणाऱ्यांना वेगवेगळं का?

तरी मी पाठवू नका म्हणणार नाही. मुलाला मनापासून जायचं असेल, पहाटे उठून धावतोय म्हणजे बहुतेक जायचंच आहे, तर जाऊ दे. २३ वय काही गेलेलं नाही, इथली किती मुलं त्या वयात हॉटेलात सहा महिन्यांच्या सीझनवर असतात. फक्त तीन गोष्टी आधी घरात बसून ठरवा. एक, आत असताना पदवी पूर्ण करायची, तशी सोय इग्नूतून करून दिलीय. दोन, जमेल तर टेक्निकल ट्रेड किंवा नेव्ही बघावी, इंजिनाचं नाहीतर इलेक्ट्रिकलचं काम शिकलेल्या मुलाला वास्कोच्या शिपयार्डात किंवा जहाजावर विचारतात, आमच्याकडे तारवटी (जहाजावर नोकरी करणारे) घराघरात आहेत, चौकशी करायला लांब जायला नको. तीन, ते ११ लाख आले की त्यात ना गाडी, ना बहिणीचं लग्न. निदान दोन वर्षं हात लावायचा नाही. आर्मीसाठी गोव्याची भरती कोल्हापूरच्या ऑफिसकडून होते, रॅली आपल्याकडेच असेल असं धरून बसू नका, फॉर्म ऑनलाइनच असतो. एजंटला एक रुपया देऊ नका.

प्रश्न : माझे मिस्टर नेव्हीतून पेटी ऑफिसर म्हणून रिटायर झाले, २०१७ ला ५७ व्या वर्षी वारले. मला फॅमिली पेन्शन येत होतं, ते अचानक कमी झालं. बँकेत विचारलं तर म्हणे वरूनच कमी आलंय. लोक म्हणतात मिलिटरीवाल्यांना सरकार भरभरून देतं, मग हे काय? घटस्फोट झालेली मुलगी माझ्याकडेच असते, माझ्यामागे तिला काही मिळेल का?
— वास्को

उत्तर : ताई, तुमचं पेन्शन चुकून कमी झालेलं नसावं, नियमाने झालंय, आणि हा नियम तुम्हाला आधी कोणीतरी सांगायला हवा होता. रिटायर झाल्यावर माणूस वारला तर बायकोला सुरुवातीला वाढीव दराने, म्हणजे शेवटच्या पगाराच्या ५० टक्क्यांपर्यंत फॅमिली पेन्शन मिळतं, पण ते सात वर्षं किंवा मिस्टर ६७ चे झाले असते त्या तारखेपर्यंत, जे आधी येईल तोवर. तुमची सात वर्षं २०२४ ला भरली. त्यानंतर ३० टक्के. मूळ रक्कम ९,००० च्या खाली जाऊ शकत नाही आणि त्यावर महागाई वेगळी मिळायला हवी, एवढं पासबुकात तपासून घ्या. मिस्टरांनी कम्युटेशन घेतलं होतं म्हणून तुमच्या रकमेतून काही कापत असतील तर मात्र ती सरळ चूक आहे, कम्युटेशनची कपात फॅमिली पेन्शनला लागत नाही. ८० वय झालं की २० टक्के वाढ आपोआप यायला हवी, नाही आली तर अर्ज करा.

मुलीचं. घटस्फोटित मुलीला फॅमिली पेन्शन मिळू शकतं, पण घटस्फोट आई-वडिलांपैकी एकजण तरी हयात असताना झालेला हवा, निदान कोर्टात केस तरी तेव्हा दाखल झालेली हवी, आणि ती तुमच्यावर अवलंबून आहे हे दाखवावं लागतं. तिचं स्वतःचं उत्पन्न किमान फॅमिली पेन्शन आणि त्यावरची महागाई यांच्या वर गेलं तर नाही, पुन्हा लग्न केलं की बंद. तुम्ही आहात तोवरच तिचं नाव रेकॉर्डवर चढवून घ्या, नंतर तिला एकटीला हे कागद जमवताना नाकी नऊ येतात, असे हाल मी बघितलेत. कोर्टाच्या हुकुमाची सर्टिफाइड कॉपी, तिचा जन्मदाखला, आधार, पॅन आणि मिस्टरांचा पीपीओ एवढं एका पिशवीत ठेवा. तुमचं पेन्शन स्पर्शवर, म्हणजे संरक्षण खात्याच्या पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर, गेलं असेल तर तिथे लॉगिन करून कुटुंबाची माहिती बघा, जमत नसेल तर पणजीच्या सैनिक कल्याण खात्याच्या ऑफिसात जा, तिथे हेच काम चालतं. सकाळी लवकर जा, आणि नोव्हेंबरात नको, तेव्हा हयातीच्या दाखल्याची गर्दी असते.